निम्मी काउंटी नास्तिक कशी?

वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या काउंटीपातळीवरच्या धर्मविषयक आकड्यांबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रं आली. त्यातले एकमेकांत गुंतलेले प्रश्न या खेपेला एकत्र घेतले आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. २०२० मध्ये अशा ३,१४३ काउंट्या किंवा त्यांच्या बरोबरीचे विभाग होते. त्यांत एक कोटी वस्तीची लॉस एंजेलिस काउंटी आहे आणि जनगणनेत अवघी ६४ माणसं सापडलेली टेक्सासची लव्हिंग काउंटीही आहे. एकाच कोष्टकात हे दोन्ही नमुने बसतात, म्हणून टक्केवारी जपून वाचावी लागते.

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त ओहायोत गेला. तिथल्या काउंटीच्या माहितीपत्रात ‘अनुयायी ४६ टक्के, अनक्लेम्ड ५४ टक्के’ असं दिलं आहे. तो म्हणतो, इथे चौकाचौकात चर्च आहे. मग निम्म्याहून जास्त लोक नास्तिक कसे? – वाचिका, पुणे

उत्तर : ते नास्तिक आहेत असं तो आकडा म्हणतच नाही. त्यांचं नाव कुणाच्याच पटावर सापडलं नाही, एवढंच तो सांगतो.

तुम्ही पाहिलेला आकडा बहुधा ‘यू. एस. रिलिजन सेन्सस’चा आहे. नावात सेन्सस असला तरी हे सरकारी काम नव्हे. धार्मिक संस्थांमधल्या आकडेमोड करणाऱ्या मंडळींची एएसएआरबी नावाची संघटना दर दहा वर्षांनी ते करते. पंथांच्या मुख्य कार्यालयांकडून काउंटीवार दोन गोष्टी मागवल्या जातात : मंडळ्या किती आणि अनुयायी किती. (मराठी ख्रिस्ती लोक ज्याला ‘मंडळी’ म्हणतात, म्हणजे एका ठिकाणी उपासनेला जमणारा समाज, त्याच अर्थाने हा शब्द इथे वापरला आहे.) कुणाच्या दारावर टकटक होत नाही, कुणाला फोन जात नाही. सगळ्या पंथांच्या अनुयायांची बेरीज काउंटीच्या लोकसंख्येतून वजा केली की जे उरतं ते अनक्लेम्ड. मराठीत चपखल शब्द ‘बेवारस’ होईल, पण तो माणसांना लावणं बरं नाही.

या उरलेल्यांत कोण कोण येतं ते पाहा. धर्म न मानणारे येतात, हे खरं. दर रविवारी चर्चला जाणारा पण सभासदत्वाचा अर्ज न भरलेलाही येतो. ज्यांच्या पंथाने माहितीच पाठवली नाही ते सगळे येतात. शेजारच्या काउंटीतल्या चर्चचे सभासद येतात, कारण त्यांची नोंद तिकडे झालेली असते. आणि घरी देवघर असलेला, पण कुठल्याही देवळाच्या यादीत नाव नसलेला तुमचा मुलगाही त्या ५४ टक्क्यांतच आहे.

२०२० च्या या मोजणीत ३७२ पंथ-संस्था, ३ लाख ५६ हजार ६४२ मंडळ्या आणि सुमारे १६ कोटी १२ लाख अनुयायी नोंदले गेले. म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या ४८.६ टक्के. उलट लोकांनाच प्रश्न विचारणाऱ्या प्यू संशोधन केंद्राच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात ६२ टक्के प्रौढांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं आणि २९ टक्क्यांनी आपला कोणत्याही धर्माशी संबंध नसल्याचं सांगितलं. ४८.६ आणि ६२ यांत भांडण नाही. पहिला आकडा संस्था लोकांबद्दल काय म्हणतात त्याचा, दुसरा लोक स्वतःबद्दल काय म्हणतात त्याचा. तिसराही एक आहे. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेने ‘तुम्ही चर्च, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) किंवा मशिदीचे सभासद आहात का’ असं विचारलं तेव्हा १९९९ मध्ये ७० टक्के ‘हो’ म्हणाले होते आणि २०२० मध्ये ४७ टक्के.

मग प्यूचा आकडा काउंटीसाठी का वापरत नाहीत? त्या सर्वेक्षणात ३६,९०८ लोक होते. काउंट्यांना भागा, प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी बारा माणसंही येत नाहीत. पीआरआरआय या संस्थेने अनेक वर्षांची सर्वेक्षणं एकत्र करून काउंटीवार अंदाज काढले आहेत, आणि लोक स्वतःला काय म्हणवतात हे पाहायला ते चांगले आहेत. पण छोट्या काउंटीचा तिथला आकडा बराचसा गणिती प्रतिमानातून आलेला असतो, हे विसरू नये.

प्रश्न : मग अमेरिकी सरकार स्वतःच का विचारत नाही? आपल्याकडे तर जनगणनेत धर्माचा रकाना असतो. – वाचक, नागपूर

उत्तर : एके काळी सरकार मोजत होतं, पण माणसांना विचारून नव्हे. १८५० पासून जनगणनेत चर्चच्या इमारती, त्यांतली आसनं आणि मालमत्तेची किंमत नोंदवली जाई. सभासद १८९० मध्ये मोजले. पुढे १९०६, १९१६, १९२६ आणि १९३६ मध्ये धार्मिक संस्थांची वेगळी गणना झाली. त्यातली १९२६ ची सर्वांत भरवशाची मानतात. १९३६ मध्ये बऱ्याच मंडळ्यांनी, विशेषतः दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट आणि मेथडिस्टांनी, माहिती पुरती दिली नाही. १९४६ च्या गणनेला पैसाच मिळाला नाही आणि ती अर्धवट राहिली.

मार्च १९५७ मध्ये जनगणना खात्याने सुमारे ३५ हजार घरांत स्वेच्छेने उत्तर द्यायचा प्रश्न विचारून पाहिला. १४ वर्षांवरच्यांपैकी ६६ टक्के प्रॉटेस्टंट, २६ टक्के कॅथलिक आणि ३ टक्के ज्यू निघाले. १९६० च्या जनगणनेत हा प्रश्न घालण्याचा बेत विरोधामुळे बारगळला. नाझी राजवटीत धर्माच्या सरकारी नोंदींचं काय झालं हे ज्यू संघटनांना चांगलंच आठवत होतं. १९७६ मध्ये कायद्यातच लिहिलं गेलं की, धार्मिक श्रद्धा किंवा धार्मिक संस्थेचं सभासदत्व उघड करण्याची सक्ती कुणावरही करता येणार नाही.

आपला रकाना वेगळ्या अडचणी घेऊन येतो. त्याबद्दल पुढे अहिल्यानगरच्या प्रश्नात.

प्रश्न : सदर्न बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाची २०२० ची संख्या एकीकडे १ कोटी ४१ लाख आणि दुसरीकडे १ कोटी ७६ लाख दिली आहे. ३५ लाखांची चूक छापून कशी येते? – सांख्यिकीचे शिक्षक, सोलापूर

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. पहिला सभासदांचा आणि दुसरा अनुयायांचा. बॅप्टिस्ट परंपरेत बाळाचा बाप्तिस्मा होत नाही. मुलगा किंवा मुलगी जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल करून पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेते, तेव्हाच पटावर चढते. त्यामुळे रविवारी पहिल्या बाकावर बसलेली चार मुलं सभासदसंख्येत शून्य असतात. कॅथलिक मात्र तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा झाल्या दिवसापासून धरतात. या दोन पंथांच्या नुसत्या सभासदसंख्यांची तुलना केली तर बॅप्टिस्टांवर अन्याय होतो. म्हणून ‘अनुयायी’ ही मुलाबाळांसकटची संख्या वापरतात.

जो पंथ फक्त पूर्ण सभासदांची संख्या देतो, त्याच्यासाठी मोजणीच्या जुन्या फेऱ्यांपासून एक साधं सूत्र चालत आलं आहे. काउंटीची एकूण लोकसंख्या भागिले, लोकसंख्येतून १३ वर्षांपर्यंतची मुलं वजा करून उरलेली संख्या. येणाऱ्या गुणकाने सभासदसंख्येला गुणायचं. समजा काउंटीत ८०,००० लोक आहेत आणि त्यांत १६,००० मुलं. ८०,००० भागिले ६४,००० म्हणजे १.२५. पंथाने २,४०० सभासद कळवले असतील तर अनुयायी ३,०००.

वर्गात हे उदाहरण घेणार असाल तर गृहीतक कुठे मोडतं तेही दाखवा. चर्चमधली वयं काउंटीतल्या वयांसारखीच आहेत असं हे सूत्र धरून चालतं. ज्या चर्चमध्ये सगळे सत्तरीचे आहेत तिथेही ते सूत्र काउंटीच्या हिशेबाने मुलं चिकटवतं. प्रत्यक्षात त्या चर्चच्या संडे स्कूलला कुलूप लागलेलं असतं. फ्लोरिडातल्या सम्टर काउंटीत निवृत्तांच्या वसाहतींमुळे मुलंच थोडी आहेत, तिथे गुणक एकाच्या आसपास राहतो आणि घोटाळा कमी होतो.

प्रश्न : याच कोष्टकात काही काउंट्यांत अनुयायी लोकसंख्येच्या १०० टक्क्यांहून जास्त दिसतात. हे तर गणितात बसतच नाही. – तेच वाचक

उत्तर : बसतं, कारण अंश आणि छेद वेगवेगळ्या ठिकाणी मोजलेले आहेत. लोकसंख्या माणूस झोपतो तिथे मोजतात, अनुयायी त्याचं चर्च उभं आहे तिथे.

व्हर्जिनियात हे ठळक दिसतं. तिथली मोठी गावं कायद्याने काउंटीपासून स्वतंत्र आहेत, आणि आकडेवारीत त्यांना काउंटीच्या बरोबरीचं स्थान आहे. जुनी मोठी चर्च गावात, सभासदांचे बंगले भोवतालच्या काउंटीत. गावाचा दर फुगतो, काउंटीचा बसतो. अशा ठिकाणी दोन्ही एकत्र करून दर काढावा.

दुसरं कारण शिळे पट. लोक गाव सोडतात, पण नाव कुणी काढत नाही. लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन चर्चमध्ये पत्ता हरवलेल्या सभासदाचं नाव, त्याने स्वतः काढायला सांगितलं नाही तर, वयाची ११० वर्षं होईपर्यंत नोंदीत राहू शकतं. तिसरं कारण दुहेरी नोंद : गाव बदललेल्या माणसाला जुन्या आणि नव्या दोन्ही मंडळ्या आपला म्हणतात. मोठ्या काउंटीत हे सगळं विरून जातं. दोन हजार वस्तीच्या काउंटीत दीडशे नावांनीही टक्केवारी साडेसात अंकांनी हलते.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाला दोन हजार माणसं येतात. काउंटीच्या आकड्यांत हिंदू मात्र नाममात्र दिसतात. आमची नोंद होण्यासाठी काय करावं? – वाचक, न्यू जर्सी

उत्तर : मंडळ म्हणून नोंद होणार नाही, आणि तशी ती होऊही नये. महाराष्ट्र मंडळ ही सांस्कृतिक संस्था आहे. उत्सवापुरतं शाळेचं सभागृह भाड्याने घेणं म्हणजे नियमित उपासनेची जागा असणं नव्हे. या मोजणीत मंदिरं आणि नियमित जमणारी केंद्रं धरतात.

अडचण मंदिरांच्याही बाबतीत आहेच. ख्रिस्ती पंथाला मुख्यालय असतं, मुख्यालयाकडे तक्ते असतात. हिंदूंना तसं मुख्यालय नाही, आणि देवळाचं ‘सभासदत्व’ ही कल्पनाच आपल्याकडे नाही. दगडूशेठ गणपतीचे सभासद किती, असं पुण्यात कुणी विचारलं तर काय सांगाल? म्हणून २०१० पासून संशोधकांनी मंदिरांची यादी करून एकेकाशी संपर्क साधण्याची पद्धत धरली. संपर्क झाला की कुणी ईमेल यादीतली नावं सांगतो, कुणी दिवाळीच्या दिवशीची गर्दी, कुणी देणगीदार कुटुंबं. तीन मंदिरं, तीन मापं.

त्यात स्थळाचा घोळ. पिट्सबर्गजवळच्या पेन हिल्सचं वेंकटेश्वर मंदिर किंवा न्यूयॉर्कमध्ये फ्लशिंगचं गणपती मंदिर ही १९७० च्या दशकातली देवळं. तिथे कित्येक काउंट्यांतून आणि शेजारच्या राज्यांतून लोक येतात. पण आकडा ॲलेगेनी किंवा क्वीन्स काउंटीच्या खात्यावर पडतो. शेजारच्या काउंटीत हिंदू शून्य दिसले तरी तिथल्या किराणा दुकानात हळदीकुंकवाच्या पुड्या मिळत असतात.

तुम्ही एखाद्या मंदिराच्या समितीवर असाल आणि विचारणा आली, तर तीन गोष्टी वेगळ्या करून द्या : वर्षातून निदान चार-सहा वेळा येणारी कुटुंबं आणि त्यांची एकूण माणसं (मुलांसकट), त्यातली काउंटीबाहेर राहणारी किती, आणि सणाची सर्वांत मोठी गर्दी. तिसरी संख्या पहिलीच्या जागी लिहू नका. मोह होतो, पण पुढच्या फेरीत कुणी खरा आकडा दिला की तुमच्या काउंटीतले हिंदू निम्म्यावर आले असं छापून येतं.

मराठी माणसं किती हे हवं असेल तर वेगळी वाट आहे. सरकारच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत घरी कोणती भाषा बोलता हे विचारतात आणि मराठीला त्यात स्वतंत्र संकेतांक आहे. म्हणजे मराठी बोलणारे किती याचा अंदाज निघतो. त्यांतले गणपती बसवणारे किती, हे सरकार विचारत नाही.

प्रश्न : एका काउंटीचे १९९० ते २०२० चे आकडे घेऊन आलेख काढला. ज्यू एकदम कोसळले, मॉर्मन एकदम वाढले, आणि ‘कोणत्याही पंथाचं नाव न लावणारे’ ख्रिस्ती २०१० मध्ये जणू आकाशातून पडले. हे खरं घडलं का? – संशोधक विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : तिन्ही उड्या बहुतांशी मोजणाऱ्याच्या आहेत.

ज्यूंची २००० ची संख्या म्हणजे त्या भागातल्या एकूण ज्यू लोकसंख्येचा अंदाज होता, देशभरात ६१ लाखांहून जास्त. २०१० मध्ये सिनेगॉगशी जोडलेल्यांनाच धरलं आणि आकडा २२-२३ लाखांवर आला. मॉर्मनांचं उलट. २००० मध्ये सुमारे ४२ लाख आणि २०१० मध्ये ६१ लाख, कारण पंथाने पटावरची सगळीच नावं कळवायला सुरुवात केली. आणि पंथाचं नाव न लावणाऱ्या स्वतंत्र चर्चना मुख्यालय नसल्यामुळे त्यांची देशव्यापी मोजणी २०१० मध्येच प्रथम नीट झाली. २०२० मध्ये अशी ४४,३१९ चर्च आणि २ कोटी १० लाखांहून जास्त अनुयायी सापडले, म्हणजे कॅथलिकांखालोखाल दुसरा क्रमांक. ही चर्च आधीही होती, यादीत नव्हती.

चौथी फट तुमच्या आलेखात दिसणार नाही, म्हणून ती जास्त धोक्याची. २००० पर्यंतच्या फेऱ्यांत कृष्णवर्णीयांचे कित्येक मोठे पंथ सहभागी नव्हते. अलाबामा किंवा मिसिसिपीतल्या ज्या काउंट्यांत त्यांची वस्ती जास्त, तिथले दर त्यामुळे खूपच कमी दिसतात. त्या काउंट्या वास्तविक अमेरिकेतल्या सर्वांत भाविक भागांतल्या आहेत.

तेव्हा एकूण बेरजेचा आलेख काढूच नका. प्रत्येक फेरीत भाग घेतलेले आणि व्याख्या न बदललेले पंथ निवडा, आणि तेवढ्यांचाच कल पाहा. १९७१ मध्ये पंथ होते ५३, १९९० मध्ये १३३, २००० मध्ये १४९, २०१० मध्ये २३६ आणि २०२० मध्ये ३७२. एवढ्यावरूनच बेरीज का फसवते ते कळेल. एआरडीए या धर्मविषयक माहितीच्या संग्रहात प्रत्येक फेरीची काउंटीवार फाइल आणि सोबतची टिपणं फुकट मिळतात. टिपणं आधी वाचा. आणि काउंट्या जोडताना नावाने जोडू नका, प्रत्येक काउंटीला सरकारने दिलेल्या पाच आकडी फिप्स संकेतांकाने जोडा. वॉशिंग्टन नावाच्या काउंट्या तीसहून जास्त आहेत. सीमाही बदलतात : कनेटिकटच्या आठ काउंट्यांऐवजी जनगणना खातं २०२२ पासून नऊ नियोजन-विभाग वापरतं, त्यामुळे नव्या लोकसंख्येला जुने अनुयायी सरळ बसत नाहीत.

प्रश्न : आमच्या मंडळीतली दोन कुटुंबं अमेरिकेत स्थायिक झाली. त्यांची नावं नोंदवहीतून कमी करावीत का? तिथे ती कशी मोजली जातील? – वाचक, अहिल्यानगर

उत्तर : तिथल्या मंडळीचं पत्र येईपर्यंत नावं काढू नका, पण ‘परगावी’ असा शेरा आजच मारा. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रीत अशी : नव्या गावची मंडळी स्थलांतराचं पत्र मागवते, तुम्ही ते देता, तिकडे नाव दाखल झाल्याची पोच येते आणि मग इकडे रेघ मारायची. पोच बहुधा येतच नाही आणि नाव दोन्हीकडे राहतं. सहा महिन्यांनी एक स्मरणपत्र पाठवायला हरकत नाही.

तुमच्या भागातल्या जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या असल्या, तर त्यांचं मूळ अमेरिकेतल्या काँग्रिगेशनल चर्चमध्ये आहे. इथे त्या १९२४ मध्ये उत्तर भारताच्या संयुक्त मंडळीत आणि १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. तिकडची मूळ मंडळी बहुतांशी १९५७ पासून युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये आहे. तिथे किंवा प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये तुमचं पत्र सहसा अडत नाही. बॅप्टिस्ट चर्चमध्ये मात्र बालपणीचा बाप्तिस्मा बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत. पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल किंवा ते कुटुंब सभासद न होताच जात राहील, आणि अनक्लेम्ड ठरेल. कॅथलिकांत अशा पत्राची पद्धत नाही. बाप्तिस्म्याची नोंद जिथे झाली त्याच धर्मग्रामात (म्हणजे पॅरिशमध्ये, एका चर्चच्या हद्दीत) कायम राहते, आणि माणूस राहायला जाईल तिथल्या चर्चच्या कार्यालयात अर्ज भरून कुटुंब नोंदवतो. तो अर्ज न भरणारे असंख्य.

आता आपल्या रकान्याबद्दल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात १० लाख ८० हजार ख्रिस्ती नोंदले गेले, एक टक्क्याहून किंचित कमी. गोव्यात २५ टक्के. तालुका आणि शहरापर्यंत आकडे मिळतात. पण कॅथलिक किती, प्रॉटेस्टंट किती, मंडळीचे सभासद किती, यातलं काही त्या तक्त्यात नाही. आपल्याला धर्म कळतो आणि सभासदत्व कळत नाही, त्यांना नेमकं उलटं. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना आणि पुढच्या दुरुस्त्यांनंतर शीख व बौद्धांना मिळतो, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. रकान्यात काय सांगायचं यावर त्याचा परिणाम होतोच. तुमच्या नोंदवहीतली कुटुंबं आणि जनगणनेतले ख्रिस्ती जुळत नसतील तर तेही एक कारण असू शकतं. आणि वसईचा अभ्यास करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं : २०११ मध्ये वसई ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा.

प्रश्न : निवृत्तीनंतर इथे मुलीकडे राहतो. वेळ आहे. राहत्या काउंटीतल्या मंडळ्या स्वतः मोजायच्या तर सुरुवात कुठून करावी? – वाचक, ओहायो

उत्तर : राज्य चांगलं निवडलंत. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला या विषयातला गाजलेला अभ्यास तुमच्याच राज्यातल्या ॲश्टाब्युला काउंटीचा. हॅडवे, मार्लर आणि चेव्हज या संशोधकांनी लोकांना विचारलं तेव्हा सुमारे ३६ टक्के प्रॉटेस्टंट आठवड्याला चर्चला जात असल्याचं म्हणाले. चर्चमधली डोकी मोजली तर २० टक्क्यांच्या आत. यादीत नसलेली चर्च शोधायला त्यांनी काउंटीतले रस्तेही पिंजून काढले होते. तुम्हालाही गाडी काढावी लागेल.

पहिली यादी काउंटी ऑडिटरच्या कार्यालयातून घ्या, करमाफी असलेल्या मालमत्तांची. तिच्यात स्वतःची इमारत असलेली चर्च मिळतात. आयकर खात्याच्या यादीवर विसंबू नका. चर्चना करसवलतीसाठी अर्ज करण्याची किंवा वार्षिक विवरण भरण्याची सक्ती नाही, म्हणून ती यादी कायम अपुरी असते. मग प्रत्येक पंथाच्या संकेतस्थळावरची ‘चर्च शोधा’ सोय वापरा. उरतात ती दुकानाच्या गाळ्यात, शाळेच्या व्यायामशाळेत, जुन्या चित्रपटगृहात भरणारी. ती रविवारी सकाळी दहाच्या सुमारास रस्त्याकडेच्या तात्पुरत्या पाट्यांवरून सापडतात. एकाच इमारतीत सकाळी इंग्रजी, दुपारी स्पॅनिश आणि संध्याकाळी कोरियन मंडळी असेल तर त्या तीन धरायच्या. इमारती मोजल्यात तर फसाल.

आमिश हा जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती समाज तर उपासनेसाठी इमारत बांधतच नाही. पाळीपाळीने एकेकाच्या घरी, एक रविवार आड उपासना होते आणि साधारण पंचवीस-तीस कुटुंबांचा एक ‘चर्च डिस्ट्रिक्ट’ असतो. होम्स काउंटीच्या आसपास राहत असाल तर त्यांच्या छापील निर्देशिका मिळवा, त्यात कुटुंबवार नावं असतात. बाप्तिस्मा झालेले प्रौढ आणि घरातली मुलं वेगळी लिहा, नाहीतर निम्मा समाज गळेल.

फोन मंगळवार ते गुरुवार, सकाळी. तेव्हा कार्यालयात सेक्रेटरी असते. सोमवारी पाळकांची सुटी असते. चारच प्रश्न विचारा : पूर्ण सभासद किती, त्यांच्या घरची सभासद नसलेली मुलं किती, ऑक्टोबरमधल्या रविवारांची सरासरी हजेरी किती, आणि काउंटीबाहेर राहणारे अंदाजे किती. ऑक्टोबर यासाठी की ईस्टर-नाताळची गर्दी आणि उन्हाळ्यातली ओस बाकं दोन्ही टळतात. ‘अंदाजे दोनशे’ असं उत्तर आलं तर मागच्या वार्षिक अहवालातली संख्या नम्रपणे मागा.

ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांच्या जागी त्याच पंथाच्या इतर मंडळ्यांची मध्यिका (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घाला, सरासरी घालू नका. आठवड्याला दोन हजारांच्या वर हजेरी असलेलं एखादं महाचर्च सरासरी इतकी ओढतं की चाळीस माणसांच्या गप्प बसलेल्या प्रत्येक चर्चमध्ये कागदावर तीनशे माणसं येऊन बसतात. आणि असं महाचर्च तीन काउंट्यांत शाखा चालवत असेल तर शाखावार हजेरी विचारा. मुख्यालय सगळी बेरीज आपल्याच पत्त्यावर लावतं.

प्रश्न : लुइझियानाच्या तक्त्यात काउंटीच नाहीत, नुसते ‘पॅरिश’ आहेत. हा फक्त कॅथलिकांचा तक्ता आहे का? – वाचिका, ठाणे

उत्तर : नाही. लुइझियानात काउंटीलाच पॅरिश म्हणतात. फ्रेंच-स्पॅनिश अमदानीतल्या धर्मग्रामांचं नाव मागे राहिलं. असे ६४ आहेत. सेंट जॉन द बॅप्टिस्ट पॅरिश हाही त्यातलाच, चर्च नव्हे. शंका आली तर संकेतांक पाहा : २२०९५. पाच आकडी आणि २२ ने सुरू होणारा संकेतांक असला की तो लुइझियानातला जिल्हा.